शुक्रवारचा खिमा

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले स्कॉटिश गृहस्थ बाथरूममध्ये पडले. पक्षाघाताचा झटका होता. संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला सांगितले, की जीव वाचला आहे. शरीराची उजवी बाजू गेली आहे, वाचा बहुतांशी गेली आहे आणि गिळता येत नाही. अन्नासाठी नाकातून नळी घालण्यात आली.

आम्ही दोह्यात एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर राहत होतो. ते रास लफानच्या वायू प्रकल्पात देखभाल विभागात अभियंता होते आणि निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. त्यांच्या पत्नी वसईच्या. इथल्या एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला होत्या. दोघांचे लग्न उशिरा झालेले, मूलबाळ नाही. आमच्या मजल्यावर मराठी बोलणारी घरे दोनच असल्यामुळे माझी पत्नी त्यांना पहिल्या आठवड्यातच वहिनी म्हणू लागली, मीही म्हणू लागलो. त्या मला भाऊजी म्हणत.

मी पूर्वी मुंबईत वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. इथे एका वेबसाइटसाठी बातम्या तपासतो. काम दुपारनंतर सुरू होते. वहिनींना गाडी चालवता येत नव्हती. त्यामुळे त्यांना रुग्णालयात नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आले. पुढचे बरेचसे मी स्वतः पाहिले आहे. जे पाहिलेले नाही, ते कोणी सांगितले तेही लिहितो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांचे गिळणे थोडे सुधारले. गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्टने तपासून परवानगी दिली: मऊ, ओलसर, बारीक केलेले अन्न, छोट्या चमच्याने, बसवून. रुग्णालयातून तसे जेवण येऊ लागले. ते खाईनात. चमचा ओठांपर्यंत आला की ते तोंड मिटत आणि डावा हात वर करून बाजूला ढकलत. तोंडात गेलेला घास ते गिळू शकत होते, हे थेरपिस्टने दोनदा पाहिले. म्हणजे आता अडचण घशाची नव्हती.

त्यांच्याकडे तेव्हा दोनच शब्द शिल्लक होते. एक ‘नो’, दुसरा ‘होम’. दुसरा शब्द ते खिडकीकडे पाहून म्हणत. होम म्हणजे आमच्या मजल्यावरचा फ्लॅट नव्हे, हे वहिनींनी मला पहिल्याच दिवशी सांगितले. आजारपणाच्या आधीपासून ते निवृत्तीनंतर स्कॉटलंडला जाण्याबद्दल बोलत होते. तिथे समुद्राकाठच्या एका गावात त्यांची थोरली बहीण आईवडिलांच्या घरात राहत होती.

डॉक्टरांचे म्हणणे सरळ होते. नाकातली नळी फार काळ ठेवता येत नाही. रुग्ण तोंडाने खाऊ लागला, तर काही आठवड्यांनी त्याला विमानाने नेण्याचा विचार करता येईल. नाही खाल्ले, तर पोटाला छिद्र करून तिथून नळी घालावी लागेल आणि प्रवासाचे पुढचे पुढे पाहावे लागेल. फुप्फुसांची स्थिती पाहता तो योग येईलच, असे ते सांगू शकत नव्हते. निर्णय पुढच्या रविवारी घेऊ, असे ठरले.

त्या दिवशी परतताना वहिनी गाडीत म्हणाल्या, “पोटात नळी घालून ते जगायचे नाहीत, भाऊजी. मला माहितीये ना माझा माणूस. साधं इंजेक्शन म्हटलं की घर डोक्यावर घेतात.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या उशाशी बसून पदार्थांची नावे वाचायला सुरुवात केली. मी तिथे होतो. सूप, पॉरिज, मासे, कस्टर्ड, त्यांचा स्वतःचा वसईचा रस्सा. प्रत्येकाला ‘नो’. मग त्या म्हणाल्या, “मिन्स?” नवऱ्याने डावा हात उचलला आणि ढकलण्याऐवजी वरच ठेवला.

मिन्स म्हणजे खिमा. स्कॉटलंडमध्ये तो कांदा आणि गाजर घालून अंगच्या रसात शिजवतात, वर ओटचे पीठ लावून दाटपणा आणतात आणि घोटलेल्या बटाट्यांबरोबर खातात. मसाला नाही. मीठ, मिरपूड आणि काळसर रंगाचा एक आंबटगोड सॉस एवढेच. थेरपिस्टला विचारले, तर ती म्हणाली की नीट केला तर याहून योग्य पदार्थ नाही. चावावा लागत नाही आणि घशात सुटा होत नाही.

वहिनींनी तो कधी केलेला नव्हता. त्याचे कारण शुक्रवार हे होते. दोह्यात कॅथलिकांची मोठी प्रार्थना शुक्रवारी असते, कारण सुट्टी शुक्रवारची. वहिनी सकाळी चर्चच्या बसने जात, दुपारी येत. नवरा चर्चला जाणारा नव्हता. बायको बाहेर पडली की तो स्वतःसाठी मिन्स आणि बटाटे करी, खाई, भांडी घासून ठेवी आणि झोपे. बाकीचे सहा दिवस तो वहिनींच्या हातचे खाई. वसईकडचा तिखट बाटली मसाला घातलेला खिमाही मागून मागून खाई. त्याचा मिन्स वहिनींनी एकदाच चाखला होता.

“मी काय म्हटलं असेन?” त्यांनी मला विचारले. मी म्हटले, मला कसं कळणार. “म्हटलं, हे आजाऱ्याचं जेवण आहे. ते म्हणाले, आजारी पडलो की करून घाल मग.”

पाककृती बहिणीकडून आली. ही नणंद लग्नाला आलेली नव्हती आणि नंतर नाताळाच्या कार्डांपलीकडे फारसा संबंध नव्हता. झटक्यानंतर मात्र ती रोज फोन करत होती. तिने पाच ओळींचा निरोप पाठवला. खिमा चांगला तांबूस होईपर्यंत परता. कांदा, गाजर घाला. उकळते पाणी, सॉस, मीठ, मिरपूड. झाकून मंद शिजवा. शेवटी ओटचे पीठ.

“पाच ओळी,” वहिनी म्हणाल्या. “नणंद ती नणंदच, कुठल्याही देशातली असो. सगळं सांगितलं असं दाखवायचं आणि काही सांगायचं नाही.”

सोमवारी त्यांनी पहिल्यांदा केला. मी बटाटे सोलले. झाला तेव्हा त्यांनी झाकण काढून मला दाखवला. रंग करडा होता. चवीला मिठाचे पाणी आणि खाली मऊ रवाळ मांस. आम्ही दोघांनीही तो चाखला आणि असाच लागत असेल असे समजलो. रुग्णालयात वहिनींच्या नवऱ्याने पहिला चमचा घेतला, तोंडात धरला, गिळला, आणि दुसऱ्याला तोंड मिटले. ‘नो’ म्हणाले. मग ते वहिनींकडे पाहत राहिले. काय चुकले ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

माझ्या धंद्यातली सवय अशी, की बातमी चुकली तर एकेक दुवा तपासायचा. मी तसे सुचवले. आधी मांस. सोमवारचे ब्राझीलचे होते. मंगळवारी आम्ही मोठ्या दुकानाच्या काउंटरवरून ऑस्ट्रेलियाचे घेतले आणि समोर दळून घेतले. रंग पुन्हा करडा. मग सॉस, इथे मिळतो तो दुसऱ्या कंपनीचा, म्हणून एका ब्रिटिश सहकाऱ्याच्या घरून त्यांची बाटली आणली. मग भांडे, माझ्या पत्नीने तिची बिडाची जाड कढई दिली. प्रत्येक वेळी खिमा गॅसवर पडताच पाणी सुटे, त्या पाण्यात तो उकळे, पाणी आटेपर्यंत कडक होई, आणि तांबूस काही होत नसे. वहिनींनी नणंदेला निरोप पाठवला: तांबूस होत नाही. उत्तर आले: आच वाढव.

गुरुवारचाही परत आला. त्या दिवशी त्यांनी चमच्याचा वास घेऊनच मान वळवली.

शुक्रवारी वहिनी प्रार्थनेला गेल्या नाहीत. माझ्या पत्नीने त्यांना जेवायला बोलावले. त्या आल्या, ताटावर बसल्या, पण जेवल्या नाहीत. म्हणाल्या, “त्यांच्या बहिणीला वाटत असेल, हिनं बारा वर्षांत एवढंही शिकून घेतलं नाही.”

“तिनं तसं म्हटलं का?” मी विचारले.

“म्हणायला कशाला पाहिजे? आच वाढव म्हणते. म्हणजे काय, मला आच वाढवता येत नाही?”

तेव्हा मी म्हटले, की पाककृती देणाऱ्याने करताना पाहिले नाही, तर चूक सापडणार नाही. उद्या शनिवार आहे, परवा सकाळी डॉक्टर येणार. व्हिडिओ कॉल लावा. मी फोन धरतो, तुम्ही करा, त्यांना बघू द्या.

वहिनींना ते आवडले नाही. “माझ्या ओट्यावर बसवू त्या बाईला?”

“ओट्यावर नाही. माझ्या हातात.”

पत्नी म्हणाली, “वहिनी, नळीपेक्षा नणंद परवडली.”

त्या हसल्या. त्या आठवड्यात मी त्यांना हसताना पाहिले ते तेवढेच.

शनिवारी सकाळी कॉल लागला. तिकडे अजून धड उजाडलेले नव्हते. बहीण स्वयंपाकघरात, अंगावर जाड गाऊन घालून बसलेली होती. चेहरा भावासारखा. दोघींनी एकमेकींना गुड मॉर्निंग म्हटले. मी फोन ओट्याकडे वळवला. पुढचे संभाषण इंग्रजीत झाले; त्याचा मराठी अर्थ देतो.

वहिनींनी पिशवी फोडली, खिमा स्टीलच्या चाळणीत काढला, चाळणी नळाखाली धरली आणि नळ सोडला. दुसऱ्या हाताने त्या खिमा चोळू लागल्या. पाणी लाल होऊन सिंकमध्ये जाऊ लागले.

“ती काय करतेय?” बहिणीने मला विचारले.

“धुतायत,” मी म्हटले.

“काय धुतेय?”

“खिमा.”

बहिणीने चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला.

“का?” बहीण म्हणाली.

वहिनी थांबल्या. नळ चालूच होता. “का म्हणजे? कच्चं मांस आहे.”

“पाककृतीत कुठे लिहिलंय धुवायचं?”

“हे कोण लिहितं?” वहिनी म्हणाल्या. “भांडं घ्या असंही लिहिलेलं नाही तुम्ही.”

बहीण म्हणाली, “अगं, सगळी चव तू मोरीत सोडतेयस. रोज सोडतेयस?”

वहिनींनी नळ बंद केला.

आम्ही चौकशी केली ती मांस, सॉस, भांडे आणि आच यांची. धुण्याबद्दल कोणी बोलले नव्हते, कारण आमच्या लेखी ते पाककृती सुरू होण्याच्या आधीचे होते. माझ्या घरी मटण धुतात. वहिनींच्या आईच्या घरी खाटकाकडून पानात बांधून आलेला खिमा पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत. तिकडे स्कॉटलंडमध्ये तो कोणी धूत नाही, म्हणून धुऊ नका असे सांगायचे त्या बहिणीच्याही मनात आले नव्हते. ओल्या खिम्याला कितीही आच दिली, तरी तो उकळणार, तांबूस होणार नाही. हे नंतर समजायला सोपे होते.

चाळणीतला खिमा आता उपयोगाचा नव्हता. मी नवीन आणायला गेलो. बहीण म्हणाली, मी थांबते. मी परत आलो तेव्हा ती थांबलेली होती आणि दोघी काहीतरी बोलत होत्या. काय ते मी विचारले नाही. वहिनींचे डोळे लाल होते. कांदा चिरून झालेला होता.

मी पिशवी ओट्यावर ठेवली. कढई तापली. वहिनी पिशवी हातात घेऊन उभ्या राहिल्या.

“हात पुढे होत नाही, भाऊजी,” त्या मराठीत म्हणाल्या. “रक्तासकट. आमची आई असती तर म्हणाली असती, कुत्र्याला घाल.”

“मी टाकू का?”

“नको. मीच टाकते.” त्यांनी क्रुसाची खूण केली आणि पिशवी कढईत उपडी केली.

आवाज वेगळा आला. आधीच्या चार वेळा बुडबुड ऐकू येई. या वेळी चुरचुर ऐकू आली. वहिनींनी उलथने उचलले, तशी फोनमधून बहीण म्हणाली, “हलवू नकोस. हात काढ. लागू दे.”

“करपेल.”

“करपणार नाही. लागू दे.”

वहिनींनी उलथने खाली ठेवले आणि हात पाठीमागे धरले. काही वेळाने बहीण म्हणाली, आता उलट. खालची बाजू तांबूस झाली होती, कढईला काळपट खरवड धरली होती. सुटलेली चरबी काढून टाकायला वहिनींनी चमचा घेतला. बहीण म्हणाली, ती तिथेच राहू दे, त्यातच कांदा घाल. कांदा पडला, गाजर पडले, पाणी पडताच तळाचे काळे सुटले आणि सगळा रस तपकिरी झाला. वास जिन्यापर्यंत गेला असावा.

वहिनींनी मान वर केली. “हा वास,” त्या मला म्हणाल्या. “शुक्रवारी मी दार उघडलं की हाच असायचा. मी आधी खिडक्या उघडायचे.”

बहिणीने विचारले, ती काय म्हणाली? मी भाषांतर करून सांगितले. बहीण म्हणाली, “मिठाचं बघ.”

शेवटी वहिनींचा हात सवयीने मसाल्याच्या बरणीकडे गेला. मी म्हटले, “वहिनी, नणंद बघतेय.” त्यांनी हात मागे घेतला.

आम्ही दुपारच्या भेटीच्या वेळेला रुग्णालयात पोचलो. डबा आधी नर्सला दाखवावा लागे. तिने खिमा काट्याने दाबून पाहिला, एक मोठा तुकडा काढून टाकला, रस थोडा वाढवून बटाट्यात मिसळायला सांगितले. मग पलंगाची पाठ उभी केली आणि बाजूला थांबली. मी दाराशी होतो.

वहिनींनी डब्याचे झाकण काढले. नवऱ्याचे डोळे मिटलेले होते, ते उघडले. त्यांनी डब्याकडे पाहिले, मग वहिनींकडे. पहिला चमचा घेतला. गिळायला नेहमीसारखाच वेळ लागला. नर्सने त्यांच्या गळ्यावर दोन बोटे ठेवली होती. तिने मान हलवली. वहिनींनी दुसरा चमचा भरला. तोंड उघडे होते.

त्यांनी साधारण अर्धी वाटी खाल्ली. मधल्या वेळात त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत राहिले. पक्षाघातानंतर काही रुग्णांत हे कारणाशिवायही होते, असे नर्सने मला बाहेर सांगितले. तिने खाल्लेल्या अन्नाची नोंद केली. वहिनींनी उरलेला डबा तिथेच खुर्चीवर बसून त्याच चमच्याने संपवला.

रविवारच्या फेरीत डॉक्टरांनी नोंद पाहिली, थेरपिस्टशी बोलले आणि पोटातल्या नळीचा निर्णय आठवडाभर पुढे ढकलला. आठवड्यानंतर तो विषय बंद झाला आणि नाकातली नळीही काढण्यात आली. या काळात ते दुसरे जवळजवळ काहीच खात नव्हते. रोज तेच कसे चालेल, असे वहिनींनी विचारले. डॉक्टर म्हणाले, चालेल. वहिनी सकाळी करीत, मी पोचवीत असे. बहीण अधूनमधून कॉलवर असे. एकदा मी खिमा घेऊन गेलो तेव्हा ती वहिनींना भावाच्या लहानपणीच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होती आणि वहिनी कांदा चिरत ‘मग? मग?’ करत होत्या.

मार्चच्या अखेरीस प्रवासाची परवानगी मिळाली. विमानात मागच्या जागा काढून स्ट्रेचर बसवण्यात आले, सोबत एक नर्स होती. मी विमानतळापर्यंत गेलो होतो. अ‍ॅम्ब्युलन्स वेगळ्या फाटकातून आत गेली, त्यामुळे निरोप घेता आला नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला, की पोचलो, पाऊस आहे, बहीण दारात उभी होती.

त्यानंतरचे मला फोनवरून कळले आहे. त्यांचा पलंग खालच्या मजल्यावर, समुद्राकडच्या खोलीत लावला होता. एप्रिलभर ते थोडेथोडे खात होते. मिन्स बहीण करी आणि बटाटे वहिनी घोटत. मेच्या सुरुवातीला छातीत संसर्ग झाला आणि खाणे बंद झाले. गावच्या डॉक्टरने घरी येऊन दोघींना विचारले, रुग्णालयात हलवायचे का. दोघींनी नाही म्हटले.

ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे वारले. त्या वेळी खोलीत वहिनी आणि बहीण होत्या. दफन गावातच, आईवडिलांशेजारी झाले. वहिनी जूनमध्ये दोह्याला आल्या, शाळेचा राजीनामा दिला, फ्लॅट रिकामा करून किल्ली मालकाला दिली. वसईला जाण्याआधी एक रात्र त्या आमच्याकडे राहिल्या. सप्टेंबरमध्ये बहीण वसईला आली आणि तीन आठवडे त्यांच्याकडे राहिली.